गाडीतला आरसा निखळलाय: तुम्ही कसा बसवलात?

काल गाडी खड्ड्यात आदळली आणि आतला आरसा थेट मांडीवर पडला, मागच्या धातूच्या चकतीसकट. समोरच्या काचेवर राहिला तो वाळक्या गोंदाचा पिवळट डाग. मागचं नीट दिसत नव्हतं, जीव मुठीत धरून घरी आले. ज्यांनी हे काम स्वतः केलंय त्यांनी कृपया सविस्तर लिहा. फसलं असेल तर ते आधी लिहा.

*

मी सुपरग्लू लावला होता. दोन दिवस घट्ट होता. तिसऱ्या दिवशी गाडी दुपारभर उन्हात राहिली आणि संध्याकाळी आरसा डॅशबोर्डवर पडलेला. बंद गाडीची काच भयंकर तापते, वर सततची थरथर. सुपरग्लू ठिसूळ, त्याला हे झेपत नाही. मग खास आरशासाठीचा किट आणला, ॲक्टिव्हेटर (गोंद नीट धरावा म्हणून आधी लावायचा द्रव) आणि गोंद असा. चार वर्षं झाली, हललेला नाही.

*

साफसफाईत घाई करू नका, अगदी कळकळीने सांगतोय. आधी काचेच्या बाहेरून टेप लावून जागा आखा, कारण आतला डाग खरवडला की जागाच सापडत नाही. ब्लेड आडवं धरून काचेवरचा जुना गोंद काढा, चकतीवरचा पॉलिशपेपरने. मग दोन्ही आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा आणि त्यानंतर बोट लावू नका. बोटाचं तेल दिसत नाही, पण पकड तिथेच सुटते. आणि चकतीची वरची बाजू कोणती ते बघून ठेवा. माझी उलटी चिकटली, आरसा तिच्यावर सरकेचना. सगळं पुन्हा पहिल्यापासून.

*

माझ्या किटमधला गोंद हवा तुटली की घट्ट होणारा होता. म्हणजे चकतीखाली धरतो, कडेला आलेला मात्र ओलाच राहतो. हे मला ठाऊक नव्हतं. तासाभराने कड चिकट लागली, वाळला नाही असं वाटून चकती हलवून पाहिली आणि चांगला धरलेला जोड मोडला. फार हळहळलो. एकच थेंब पुरतो. मिनिटभर दाबून धरा, ओघळ पुसा, आरसा दुसऱ्या दिवशी चढवा.

*

आमचा पडला नव्हता, नुसता डुलत होता. चकती पक्की होती, बारीक स्क्रू सैल झाला होता. ॲलन कीने पाव फेरा दिला, झालं. पण जपून! काही आरशांत त्या स्क्रूचं टोक काचेपर्यंत पोचतं. आधीच्या गाडीत मी जोर लावून आवळला होता, तिथूनच तडा गेला आणि अख्खी काच बदलावी लागली.

*

धागा मीच काढला होता. तुमचं सगळं वाचून काल रात्री चकती लावली, वरची बाजू दोनदा तपासून. आज सकाळी आरसा सरकवला, स्क्रू हलकेच आवळला. मागची काच आणि तिच्यापलीकडचा रस्ता पुन्हा दिसायला लागला. चकतीच्या कडेचा थोडा गोंद अजून ओला आहे. हात लावलेला नाही.