पेशी फुगल्यावर उघडणारं क्लोराइड चॅनेल: ते सीएफटीआरच का?

दांडियाबाजार_मृ:
बडोद्याला बायोकेमिस्ट्रीत एम.एससी. करतेय. सेमिनारचा विषय: आतड्याच्या पेशी पातळ द्रावणात फुगतात, मग काही मिनिटांत पुन्हा आकसतात. क्लोराइड बाहेर, मागोमाग पाणी. पण क्लोराइड जातो कुठून? कॉलराच्या धड्यातलं सीएफटीआर हे क्लोराइड चॅनेल का? प्रयोगाचा आराखडाही द्यायचाय. सलाइनमध्ये निम्मं पाणी घालीन म्हणते, चालेल?

रिगवरचा_जुना:
नाही गं, सीएफटीआर नव्हे. कॉलराच्या विषाने पेशीत सीएएमपी (आतला निरोप पोचवणारा रेणू) वाढतं आणि सीएफटीआर उघडतं. फुगल्यावर उघडतं ते व्हीआरएसी, म्हणजे पेशीच्या आकारमानावर चालणारं ऋणआयनांचं चॅनेल. त्याचा विद्युतप्रवाह 1980च्या दशकापासून मोजत होते, जनुक मात्र 2014 साली हाती लागलं, एलआरआरसी8ए. बर्लिनचा येंच यांचा गट आणि सॅन दिएगोचा पटापूटियन यांचा गट, दोघांनी स्वतंत्रपणे शोधलं. पाणी आत शिरलं की आतल्या आयनांची दाटी उतरते, त्याने हे चॅनेल जागं होतं. पोटॅशियम स्वतःच्या चॅनेलमधून निघतो. दोघे मिळून गेले तरच पाणी निघतं.

आता आराखडा. निम्मं पाणी मुळीच नको! क्लोराइडही निम्मा होईल, मग प्रवाह बदलला तो फुगल्यामुळे की क्लोराइड घटल्यामुळे, काय सांगशील? मीठ पहिल्यापासून कमी ठेव, बाकीची ऑस्मोलॅरिटी (विरघळलेल्या कणांची एकूण दाटी) मॅनिटॉलने, म्हणजे आयन नसलेल्या साखरेसारख्या पदार्थाने भर, फुगवताना फक्त मॅनिटॉल काढ. प्रवाह मोजायला पेशीला लावतो त्या काचेच्या पिपेटमध्ये सिझियम घे, म्हणजे पोटॅशियमचा प्रवाह मध्ये येत नाही. एटीपी विसरू नकोस, नाहीतर प्रवाह टिकत नाही. मग पडद्यावर बघ: प्रवाह हळूहळू चढतो, आणि व्होल्टेज +100 मिलिव्होल्टला धरलं की प्रवाह आधी झटक्यात वर जातो, मग तिथेच ओसरू लागतो. सीएफटीआरचा असा ओसरत नाही. इतकी वर्षं रिगवर (प्रवाह मोजायच्या यंत्रावर) काढली, पण ती उतरती रेघ दिसली की अजून बरं वाटतं. शेवटी डीसीपीआयबी हे व्हीआरएसी रोखणारं रसायन घाल, प्रवाह बसतो.

दांडियाबाजार_मृ:
काका, खूप आभार. मॅनिटॉलचं डोक्यातच नव्हतं. पेशी इंटेस्टाइन 407 घेऊ का? जुने पेपर बहुतेक त्यांच्यावरच आहेत.

कल्चरवाली_ताई:
थांब! त्या हेलाने दूषित झालेल्या निघाल्या आहेत, म्हणजे गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या. त्यांच्यावरची मोजमापं खोटी नाहीत, पण ‘आतड्यात असं होतं’ म्हणून मांडू नकोस. टी84 किंवा कॅको-2 घे, त्या मोठ्या आतड्याच्या आहेत.

रिगवरचा_जुना:
ताईंचं अगदी बरोबर. टी84मध्ये सीएफटीआर भरपूर असतं, तेव्हा फोर्स्कोलिन (ते सीएएमपी वाढवतं) न घालता मोज.