प्रभुभोजनाचा पेला पुढे सरकवणारा माझा मामा तारलेला होता का?

नगरी_पाखरू
जय ख्रिस्त मंडळी. बरेच महिने डोक्यात घोळतंय म्हणून एकदाचं टाकतोय. माझा थोरला मामा मागच्या पावसाळ्यात गेला. नगर जिल्ह्यातलं खेडं, चौथ्या पिढीतला ख्रिस्ती, उपासनेला तबला तोच वाजवायचा, उपासना संगीत या गीतपुस्तकातली निम्मी गीतं तोंडपाठ, आणि प्यायचा. कधीमधी नाही, आठवड्यातले चार दिवस तरी. दर सहा महिन्यांनी उपवास प्रार्थनेत उभा राहून रडायचा, सोडली म्हणायचा, महिना दीड महिना खरंच सोडायचा आणि मग परत पहिले पाढे पंचावन्न. एक गोष्ट मात्र होती. ज्या आठवड्यात प्यायलेला असेल त्या रविवारी प्रभुभोजनाला (प्रभूच्या आठवणीत भाकर आणि द्राक्षरस घेतात तेव्हा) शेवटच्या बाकावर बसायचा आणि तबक आलं की पेला न उचलता शेजाऱ्याकडे सरकवायचा.
दफनाच्या दिवशी माती लोटून झाल्यावर आम्ही टाकीवर हातपाय धुत होतो, तेव्हा मंडळीतले एक वडील (म्हणजे चर्चचे पुढारी) शेजारी येऊन हळूच म्हणाले, चांगला होता हो, पण तारलेला होता की नाही ते प्रभूलाच ठाऊक. ते वाक्य काही कानातून जाईना. तर सरळ प्रश्न आहे, ख्रिस्ती माणूस पाप करतच राहिला तर तारण, म्हणजे पापातून मिळालेली सुटका, टिकतं की जातं? प्रवचन नको, तुम्हाला खरं काय वाटतं ते लिहा.

कृपा_पुरेशी
टिकतं. एका शब्दात उत्तर. बायबलातलं योहान 10:28 उघडा, माझ्या हातातून कोणी हिसकावून घेणार नाही असं प्रभू म्हणतो, तिथे "दारू सोडलीत तर" अशी अट नाहीये. मेंढराने मेंढपाळाला धरलेलं नसतं हो, मेंढपाळाने मेंढराला धरलेलं असतं. तारण टिकवणं आपल्या हातात असतं तर प्रभूला तीनदा नाकारणाऱ्या पेत्राचं कोंबडा आरवायच्या आधीच गेलं असतं. बाप पोराला रागाने घराबाहेर काढेल, रेशनकार्डावरून नाव कमी करेल, पण पोरगा त्याचाच राहतो ना? शिक्षा होईल, आशीर्वाद जाईल, 1 करिंथ 3:15 म्हणतं तसं सगळं जळून माणूस आगीतून वाचल्यासारखा वाचेल, पण वाचेल. मामा तारलेला होता.

वेस्ली_गल्ली
रेशनकार्डाचा दाखला ऐकायला गोड आहे पण पौलाने तो दिलेला नाही. गलती 5:21 मध्ये दारूबाजीचं नाव घेऊन लिहिलंय की अशी कामं करणाऱ्यांना देवाच्या राज्याचं वतन मिळणार नाही, आणि ते पत्र बाहेरच्यांना नाही, मंडळ्यांना लिहिलेलं आहे. इब्री 10:26 तर वाचूनच अंगावर काटा येतो. शिवाय योहान 15 मध्ये फळ न देणारा फाटा तोडून टाकतात, तो फाटा आधी वेलातच होता ना, का शेजारच्या बाभळीचा होता?
केडगावला मुक्ती मिशनमध्ये 1905 साली संजीवन, म्हणजे आध्यात्मिक जागृती, आलं तेव्हा पोरी तासन् तास रडून पापं कबूल करत होत्या. त्यांना कोणी म्हणालं नाही की कशाला रडता, पावती फाटलेली आहे तुमच्या नावाची. पाखरूभाऊ, तुमचं मन दुखवायचं नाही, पण प्रश्न तुम्हीच विचारलात.

कृपा_पुरेशी
पावती शब्द तुमचा, माझा नाही. आणि आम्ही पाप चालतं असं म्हणतो हा समज कुठून आला? हॉलंडमध्ये 1618-19 ला डॉर्टची चर्चसभा झाली, तारण माणसाच्या होकारावरही अवलंबून आहे म्हणणाऱ्या आर्मिनियसच्या माणसांविरुद्ध, तिथल्या निर्णयांत स्पष्ट लिहिलंय की देवाचे लोक भयंकर पापात पडू शकतात, दावीद आणि पेत्र यांची नावं घेऊन. काही काळ कृपेची जाणीवसुद्धा हरवते म्हणे. पण देव त्यांना पूर्ण नाश होईपर्यंत सोडत नाही, परत पश्चात्तापाकडे आणतो. आणि जे कायमचे जातात त्यांच्याबद्दल 1 योहान 2:19 आहेच, आपल्यातून निघाले पण आपल्यातले नव्हतेच.

वेस्ली_गल्ली
हीच ती पळवाट. टिकला तर तारलेला होता, नाही टिकला तर कधी तारलेलाच नव्हता. म्हणजे निकाल लागल्यावर पेपर तपासायचा. मग आज या घडीला तुम्ही स्वतः तारलेले आहात हे तुम्हाला तरी कशावरून कळणार? वीस वर्षांनी दारू प्यायला लागलात तर लोक म्हणतील हा आधीपासूनच नव्हता. आमच्यात निदान एवढं तरी आहे की काल होतो, आज पडलो, उद्या उठून परत येऊ शकतो.

कृपा_पुरेशी
आणि तुमच्या हिशोबाने मामा वर्षातून दोनदा तारला जायचा आणि दोनदा नाश पावायचा. शेवटी कुठल्या महिन्यात मेला त्यावर स्वर्ग. हे बरंय?

वेस्ली_गल्ली
एका घोटाने तारण जातं असं जॉन वेस्लीला मानणारे मेथडिस्टही म्हणत नाहीत, पण बरं, हा मुद्दा बोचला. विचार करून लिहितो.

वसईचं_पोर
तुमचं प्रोटेस्टंटांचं भांडण मजेने वाचतोय. आमच्या कॅथलिकांत प्रश्न असा मांडतच नाहीत. तारण हे खिशातलं आधारकार्ड नाही, जिवंत नातं आहे आणि गंभीर पापाने ते तुटतं, आमच्या चर्चच्या ट्रेंटच्या परिषदेने 1547 मध्येच सांगितलंय की अशा पापाने कृपा जाते, विश्वास शिल्लक असला तरी. पण गंभीर पाप ठरायला तीन गोष्टी लागतात, बाब गंभीर पाहिजे, पूर्ण जाणीव पाहिजे आणि मनापासून संमती पाहिजे. आता व्यसनी माणसाची संमती पूर्ण असते का? सवयीने जबाबदारी कमी होऊ शकते हे चर्चची शिकवणच मानते. म्हणून माझ्या मते मामांबद्दल ना तुम्ही सांगू शकता ना ते टाकीवरचे वडील. माणूस मेल्यावरही आम्ही त्याच्यासाठी मिस्सा (चर्चमधला प्रार्थनाविधी) देतो ते यासाठीच. उपवासकाळात आमच्याकडे कन्फेशनला, म्हणजे फादरपुढे पापं कबूल करायला, रांगा लागतात, त्याच रांगेत दरवर्षी तेच चेहरे आणि बहुतेक तीच पापं, माझी तरी तीच असतात.

टोपी_उडाली
म्हणजे रिचार्ज. व्हॅलिडिटी संपली की फादरकडे जायचं 😀

वसईचं_पोर
हसा. पण रिचार्जला पश्चात्ताप लागत नाही, इथे लागतो, आणि परत करणार नाही हा निश्चयही. त्याशिवाय फादरने शंभरदा क्षमा उच्चारली तरी उपयोग नाही.

जुनी_पानं
थोडा इतिहास, कंटाळा आला तर पुढे जा. हे भांडण डॉर्टपेक्षा फार जुनं आहे. इसवी सन 250 च्या सुमारास डेशियस बादशहाने हुकूम काढला की सगळ्यांनी रोमी देवांना अर्पण करायचं आणि तसा दाखला घ्यायचा. बऱ्याच ख्रिस्ती लोकांनी जीव वाचवायला अर्पण केलं, काहींनी तर अर्पण न करता चिरीमिरी देऊन नुसता दाखला मिळवला (आपल्याला हे समजायला जड जाऊ नये). छळ थांबल्यावर हे लोक चर्चच्या दारात रडत उभे. रोममध्ये नोव्हेशियन नावाचा धर्मगुरू म्हणाला, घ्यायचं नाही, एवढ्या मोठ्या पापाची क्षमा देणं चर्चच्या हातात नाही. कार्थेजचा बिशप सिप्रियन म्हणाला, प्रायश्चित्त करू दे, वेळ जाऊ दे, मग घ्या. चर्चने सिप्रियनचं ऐकलं. त्यानंतरही बाप्तिस्म्यानंतरच्या पापाची भीती इतकी होती की लोक बाप्तिस्माच लांबवायचे, कॉन्स्टंटाइन बादशहाने 337 मध्ये मरणाच्या दारात घेतला. म्हणजे पाप करायचं तेवढं करून झाल्यावर. हुशार माणूस.
आणि 1 योहान 3:9 अजून कोणी काढलं नाही याचं नवल वाटतं. देवापासून जन्मलेला पाप करत नाही असं मराठीत वाचलं की आपण सगळेच संपलो. पण मूळ ग्रीक क्रियापद चालू काळातलं आहे, त्यामुळे पुष्कळ अभ्यासक ते "करत राहत नाही" असं घेतात, म्हणजे पापात पडणं वेगळं आणि तिथेच अंथरूण घालणं वेगळं. त्याच पत्रात 1:8 ला आहेच की, आपल्यात पाप नाही असं म्हणणारा स्वतःला फसवतो.

कृपा_पुरेशी
अंथरूण घालणं, हे आवडलं. मग पेला सरकवणाऱ्या माणसाने अंथरूण घातलं होतं का?

वेस्ली_गल्ली
आलो परत. त्या पेल्यावर मीही अडलोय. 1 करिंथ 11 मध्ये पौल म्हणतो माणसाने स्वतःची परीक्षा करावी, आणि हा माणूस दर रविवारी सगळ्यांसमोर स्वतःला नापास करत होता. ज्याचं मन निबर झालंय तो असं करत नाही, तो बिनधास्त पितो आणि मिशा पुसतो. इब्री 6 निबर झालेल्यांबद्दल आहे. तरी मी "तारलेला होता" असं लिहून देणार नाही. पण "गेला" असंही नाही म्हणवत.

सोलापूरची_ताई
मी पाळकाची मुलगी आहे आणि हे सगळं लहानपणापासून ऐकतेय. दहा जण लिहिताय, दारू आणि देव, देव आणि दारू. मामी कुठंय? जखया नावाच्या जकातदाराने लूक 19 मध्ये लुबाडलेलं चौपट परत द्यायचं कबूल केलं, त्यानंतर प्रभू म्हणाला आज या घराला तारण मिळालं. घराला म्हणाला, नुसतं त्याला नाही. उपवास प्रार्थनेत रडणारे पुरुष मी ढिगाने पाहिलेत, सगळी मंडळी गहिवरते, पाळक डोक्यावर हात ठेवतात आणि बायको मागे बसून विचार करत असते की दुकानदाराची उधारी कशी फेडायची. कृपा बापाची आणि हप्ते आईचे. पेला सरकवला म्हणून कौतुक करताय, पगार घरी सरकवला का ते विचारा की कोणीतरी.

टोपी_उडाली
ताई 🙏 माझी टोपी उडाली खरंच

कृपा_पुरेशी
ताई, मान्य, पण मग तारण कामाने मिळतं असं होईल. इफिस 2:8 चं काय करायचं?

सोलापूरची_ताई
तिथेच थांबू नका, 2:10 पण वाचा. सत्कृत्यांसाठी निर्माण केलेत म्हणून लिहिलंय. मी कामाने मिळतं म्हणत नाहीये. मिळालं असेल तर घरात दिसू दे म्हणतेय.

नगरी_पाखरू
ताई, तुमचं वाचून दोन दिवस काही लिहिलं नाही. खरंय. मामाने हात कधी उचलला नाही पण मामीच्या पाटल्या विकल्या, दोन्ही, आणि पाच वर्षं सांगत राहिला की सोनाराकडे पॉलिशला दिल्यात. हे मी पहिल्या पोस्टमध्ये लिहायला हवं होतं, लाज वाटली म्हणून गाळलं.
आणखी एक गाळलं होतं. आमच्या मंडळीचा द्राक्षरस मामाच करायचा. शुक्रवारी काळ्या मनुका भिजत घालायच्या, शनिवारी पितळी पातेल्यात उकळायच्या, स्वच्छ पंचातून गाळायच्या, दोन बाटल्या भरायच्या. त्या दिवशी दारूला शिवायचा नाही, पातेलं दुसऱ्या कोणाला धुवू द्यायचा नाही. टाकीवर मला ते वाक्य म्हणणाऱ्या वडिलांनी वीस-बावीस वर्षं त्याच्याच हातचा रस घेतलाय. तो स्वतः बहुतेक रविवारी तो रस पुढे सरकवायचा.

जुनी_पानं
शेवटचा कधी घेतला त्याने?

नगरी_पाखरू
ईस्टरला घेतला होता, मी बघितलंय, पुढून तिसऱ्या बाकावर बसला होता. परवा मामीला फोन करून विचारलं की आदल्या रात्री प्यायलेला होता का. म्हणाली, त्या रात्री मी दार आतून लावून झोपले होते, मला नाही माहीत. मग म्हणाली, सकाळी उठले तर पातेलं धुवून पालथं घातलेलं होतं.