पलटणीतले कारकून, घरातले हिशेबनीस: आपापले अनुभव लिहा

साताऱ्याजवळच्या अपशिंगे गावाच्या नावापुढे ‘मिलिटरी’ हा शब्द लागतो, आणि पहिल्या महायुद्धात तेथील ४६ जवान कामी आल्याची आठवण सांगणारे स्मारक गावात आहे. आमच्या भागातून पलटणीत गेलेल्यांच्या पराक्रमाविषयी पुष्कळ सांगितले जाते; परंतु जे पलटणीत कारकून होते आणि निवृत्तीनंतर सोसायटीत, साखर कारखान्यात किंवा पतपेढीत हिशेब लिहीत राहिले, त्यांच्याविषयी सहसा कोणी लिहीत नाही. आपल्या घरात असे कोणी असल्यास अवश्य लिहावे, ही विनंती. सुरुवात मीच करते.

माझे आजोबा पावकी, निमकी, पाऊणकी हे अपूर्णांकांचे पाढे पाठ करून वाढले आणि रुपयाचे १६ आणे, आण्याच्या १२ पै या हिशेबाने पलटणीत पगारपत्रके लिहू लागले. १ एप्रिल १९५७ रोजी नवे पैसे आले आणि सगळेच बदलले. एका आण्याचे ६ नवे पैसे, दोन आण्यांचे १२, तीन आण्यांचे १९, चार आण्यांचे २५ असा तक्ता होता. म्हणजे चार आणे एकदम दिले तर २५ मिळत आणि एकेक करून चारदा दिले तर २४. तो एक पैसा कोठे गेला, हे कोडे त्यांनी आम्हा सर्व नातवंडांना घातले आणि उत्तर येईपर्यंत जेवणाचे ताट वाढू दिले नाही.

कराडहून आलेले उत्तर

माझे वडील १९७१ च्या डिसेंबरमध्ये पूर्व आघाडीवर होते. मराठा लाइट इन्फन्ट्रीची पहिली बटालियन, म्हणजे जंगी पलटण, आजच्या बांगलादेशातील जमालपूरला लढली, हे पुस्तकांत आहे. वडील दुसऱ्या एका पलटणीत, मागच्या तळावर कागद सांभाळत होते. लढाईविषयी त्यांना कोणी विचारले तर ते ‘मी कारकून होतो’ एवढेच सांगत. कामी आलेल्या जवानांच्या सामानाच्या याद्या करण्याचे काम त्यांच्याकडे होते, हे मला त्यांच्या साठीनंतर कळले. घड्याळ एक, काच फुटलेली. अंगठी एक, पिवळ्या धातूची. सोन्याची असे लिहायचे नाही, कारण ती सोन्याची आहे हे कारकुनाने तपासलेले नसते. नियम त्यांनी मला समजावून सांगितला तो इतक्या कोरड्या स्वरात, की त्यामागचे काही विचारण्याचा धीर झाला नाही. घरच्यांची आलेली, न फोडलेली पत्रे मोजून बांधायची, वाचायची नाहीत. पुढे ते सोसायटीचे सचिव झाले. त्यांच्या रोजमेळाच्या वह्या मी नंतर चाळल्या, तेव्हा दर वर्षी डिसेंबरच्या एकाच तारखेला नावे बाजूस, म्हणजे खर्चाकडे, ‘नारळ, १’ अशी नोंद आढळली. आमच्या घरी त्या तारखेला कोणताही सण नसतो आणि तो नारळ घरी आलेला आईला आठवत नाही.

पुण्याहून

वरचे वाचून बरे वाटले. तरी दुसरी बाजूही लिहिली पाहिजे. माझे वडील जमाखर्चात एक पैशाचा फरक असला तर रात्री दोनपर्यंत तो शोधत बसत, आणि हीच रीत त्यांनी मुलांनाही लावली. कॉलेजच्या वसतिगृहातून आलेल्या माझ्या प्रत्येक पत्रासोबत खर्चाचा तपशील असावा लागे. थोरल्या भावाने एकदा ‘किरकोळ’ असे लिहिले, त्यावरून दोघांमध्ये आठ महिने अबोला होता. त्यांनी आम्हाला काही कमी पडू दिले नाही, हे खरे. पण मागितल्याशिवाय काही दिलेही नाही.

कोल्हापूरहून

मामा हवालदार म्हणून निवृत्त झाले आणि वयाच्या ४३ व्या वर्षी जी.डी.सी. अँड ए.च्या, म्हणजे सहकार व हिशेबाच्या सरकारी पदविकेच्या, परीक्षेला बसले. त्यांच्यापेक्षा निम्म्या वयाची मुले शेजारी होती. पहिल्या खेपेला दोन विषय राहिले. दुसऱ्या खेपेला सुटले. मामी म्हणायच्या, ‘पलटणीतून आले, पण पहाटे चारचा बिगुल घरी घेऊन आले.’

बेळगावहून

लग्न, मुलांचे जन्म, पत्नीचे नाव या गोष्टींची सैन्यात पार्ट टू ऑर्डरने नोंद होते. माझ्या वडिलांनी शेकडो जवानांच्या अशा नोंदी करून दिल्या. ते गेले, तेव्हा आईच्या कुटुंब निवृत्तिवेतनाचे कागद बँकेत नेले, आणि कळले की पीपीओवर, म्हणजे निवृत्तिवेतनाच्या आदेशावर, तिचे माहेरचे नाव आहे व जन्मतारीख आधार कार्डाशी जुळत नाही. आधारवर १ जून होती. गावच्या शाळेत मास्तरांनी निम्म्या वर्गाला दिलेली. ज्याने सगळ्या पलटणीचे कागद दुरुस्त केले, त्याचा स्वतःचा कागद चाळीस वर्षे तसाच होता! शपथपत्र, जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय, रेकॉर्ड ऑफिस, पुन्हा बँक, असे नऊ महिने गेले. ज्यांचे वडील हयात आहेत, त्यांनी पीपीओवरील आईचे नाव आणि तारीख आजच पाहून घ्यावी.

थकबाकी जमा झाली त्या दिवशी आईने वडिलांची वही काढून जमेच्या बाजूला रक्कम लिहिली. चौथी शिकलेली आहे ती. ‘तपशील’ या रकान्यात काय लिहू, असे तिने मला विचारले, आणि मी सांगण्याआधीच ‘यांच्याकडून’ असे लिहून टाकले.