मदत हवी आहे: नेटला सायकॉलॉजी भरू की एज्युकेशन? समावेशक शिक्षणात जायचंय, राहणार नागपूर

मृण्मयी_बर्डी
नमस्कार, जरा लवकर उत्तर द्या कारण नेटच्या (कॉलेजात शिकवण्यासाठीची पात्रता परीक्षा) फॉर्मची मुदत उद्या रात्री संपतेय आणि मी विषयाच्या त्या एका रकान्यावर अडकून बसलेय. मी शाळेत काउन्सेलर आहे. पुढे एज्युकेशनल सायकॉलॉजिस्ट म्हणून समावेशक शिक्षणातच (दिव्यांग मुलंही सगळ्यांसोबत एकाच वर्गात) काम करायचंय, म्हणजे बीएड कॉलेजात किंवा विद्यापीठात शिकवायचं आणि सोबत पीएचडी. मैत्रीण म्हणते एज्युकेशन भर, सोपा जातो. आमचे जुने सर म्हणतात सायकॉलॉजी सोडू नको. कोणाचं ऐकू?

हे डोक्यात का बसलं ते पण सांगते. आमच्याकडे चौथीत एक मुलगा आहे, तोंडी गणितं सगळ्यांच्या आधी सांगतो, पण श्रुतलेखनाची वही उघडली की पहिल्या दोन ओळी बऱ्या आणि तिसरीपासून काना-मात्रा गळायला लागतात, जोडाक्षर आलं की खोडून खोडून कागद फाटतो. वर लाल शाईत शेरा, "लक्ष देत नाही". त्या बाई वाईट नाहीत हो, मनापासून शिकवतात, पण त्यांना बीएडला हे कोणी नीट दाखवलंच नाही. मला ते दाखवणारी व्हायचंय.

टाकळीकर
ताई, एमए कशात? बीएड झालंय का? झालं तर साधं की स्पेशल (दिव्यांग मुलांना शिकवायचं)? टक्के किती, वय किती? हे सांगितल्याशिवाय कोण काय सांगणार.

तर्रीपोहे
माझं ऐका, एमपीएससी द्या. माझी चुलत बहीण नेट काढून बसली होती, सीएचबीवर तासाच्या हिशोबाने शिकवून राहिली होती, आता क्लास टू आहे. प्राध्यापक भरतीची वाट बघत आयुष्य जाते बाप्पा.

मृण्मयी_बर्डी
एमपीएससीचं विचारलंच नाही मी. एमए सायकॉलॉजी, काउन्सेलिंग स्पेशलायझेशन, ६१ टक्के. वय ३३. आता सांगा.

टाकळीकर
आणि बीएड?

मृण्मयी_बर्डी
झालंय, साधं. तेही ५५ च्या वर.

प्रा_वैदर्भीय
मग विषयाचा प्रश्न उरतच नाही. नेटच्या माहितीपत्रकात सरळ लिहिलेलं असतं की पीजी ज्या विषयात केलं त्याच विषयात बसा, आणि तुमचा विषय यादीत नसेल तरच जवळचा निवडा. सायकॉलॉजी यादीत आहे. त्यामुळे सायकॉलॉजीच भरा. सोपं-अवघड यावर एज्युकेशन भरलं आणि पास झालात तरी उद्या स्क्रूटिनीत एमए वेगळं नेट वेगळं म्हणून कागद बाजूला ठेवतील.

दुसरं, वय. असिस्टंट प्रोफेसरला वरची वयाची अट नाही. जेआरएफला, म्हणजे संशोधनाच्या शिष्यवृत्तीला, ३० आहे पण महिलांना ५ वर्षं सूट मिळते, म्हणजे तुम्ही अजून बसता, तर फॉर्म भरताना जेआरएफसकट भरा. २०२३ पासून जेआरएफ महिन्याला ३७,००० आहे, पहिली दोन वर्षं, पुढे एसआरएफ, म्हणजे त्याचीच वरची पायरी, ४२,०००. घर चालवून पीएचडी करायची तर हा पैसा लागतोच. आणि २०२४ पासून नेटचाच स्कोअर पीएचडी प्रवेशाला धरतात, जेआरएफ नाही मिळालं तर ७० टक्के नेटचे आणि ३० टक्के मुलाखतीचे, पण तो स्कोअर एकच वर्ष चालतो हे लक्षात ठेवा.

विशेष_शिक्षक_हिंगणा
प्रोफेसरसाहेब, तुम्ही विद्यापीठातूनच बघून राहिले. ताई, नेटबिट नंतर, आधी आरसीआयचं (भारतीय पुनर्वास परिषद) बीएड स्पेशल करा, एलडी (अध्ययन अक्षमता) किंवा आयडीमधून (बौद्धिक अक्षमता). सुप्रीम कोर्टाने २०२१ मध्ये सांगितलं ना, सर्वसाधारण शाळेतसुद्धा प्राथमिकला दहा दिव्यांग मुलांमागे एक विशेष शिक्षक आणि माध्यमिकला पंधरामागे एक. जागा तिकडे निघणार. मी स्वतः फिरत्या कामावर आहे, एका केंद्रातल्या किती शाळा आमच्या गळ्यात असतात ते बघायला या एकदा.

प्रा_वैदर्भीय
त्यांना विशेष शिक्षक व्हायचं नाहीये, शिक्षकांना शिकवायचंय. दोन वर्षं अजून एक बीएड कशाला?

विशेष_शिक्षक_हिंगणा
ज्याने कधी ब्रेल पाटी हातात धरली नाही, आयईपी (एकेका मुलाचा वेगळा शिक्षण आराखडा) लिहिला नाही, तो बीएडच्या पोरांना समावेशन काय शिकवणार? पुस्तकातून वाचून? तेच तर चालू आहे आतापर्यंत. २०१६ च्या कायद्यात २१ प्रकारची दिव्यांगता आहे, आणि माझ्याकडे येणारे बीएडचे पोट्टे पाच-सहाच्या पुढे जात नाहीत.

मृण्मयी_बर्डी
भाऊ तुमचं पटतंय, खरंच. पण उद्या रात्रीपर्यंत मला फक्त रकाना भरायचाय.

उमरेडची_आई
धागा दुसराच आहे पण कोणी सांगेल का, माझ्या मुलाला डिस्लेक्सिया (वाचन-लेखनाची अडचण) आहे, नववीत गेला. तिसरीत सर्टिफिकेट काढलं होतं. शाळा म्हणते जुनं चालणार नाही, दहावीला सवलत मिळणार नाही. खरं आहे का? रात्रीची झोप नाही मला.

टाकळीकर
काकू घाबरू नका. एसएलडीचं (विशिष्ट अध्ययन अक्षमता, डिस्लेक्सिया त्यातच येतो) सर्टिफिकेट वाढत्या वयात पुन्हा काढावंच लागतं, साधारण १४ ला आणि मग १८ ला, तेव्हा नववी हीच वेळ आहे. सरकारी हॉस्पिटलातूनच घ्या, खाजगी रिपोर्ट बोर्डाला चालत नाही. बोर्डात तासाला २० मिनिटं जादा वेळ मिळतो, लेखनिक मिळू शकतो. शाळेकडून बोर्डाला प्रस्ताव वेळेत जायला पाहिजे, त्यासाठी मागे लागा, आणि जे काय देतील ते लेखी घ्या.

उमरेडची_आई
खूप आभार दादा.

महालातले_काका
या विषयात नागपूरचं नाव किती मोठं आहे ते तुम्हा मुलांना कोणी सांगत नाही म्हणून लिहितो. मुलांची बुद्धिमत्ता चाचणी म्हणून देशभर जी मिसिक वापरतात ना, ती ए. जे. मालिन यांनी इथे नागपुरात बसवली, १९६९ ची. व्हाइनलँडच्या सामाजिक परिपक्वतेच्या चाचणीचं भारतीय रूपही त्यांचंच, आजही लोक त्याला नागपूर आवृत्ती म्हणतात. या शहरात चाइल्ड गायडन्सचं काम तेव्हापासून आहे. मृण्मयी, तू संशोधन करणार तर ही परंपरा तुझी आहे.

प्रा_वैदर्भीय
काका, अभिमान आहेच, पण त्या चाचणीचे नॉर्म्स, म्हणजे तुलनेचे सरासरी गुण, त्या काळातल्या मुलांवरचे. आजच्या हुडकेश्वरच्या मुलाला त्यावर तोलायचं? तीच तर संशोधनाची जागा आहे. मृण्मयीताई, तुमच्या त्या काना-मात्रावाल्या मुलाकडे परत या. इंग्रजीत डिस्लेक्सियावर ढिगाने काम आहे, पण देवनागरीत चूक वेगळी पडते, मात्रा वर-खाली-मागे-पुढे लागतात, ऱ्हस्व वेलांटी उच्चारात नंतर येते आणि लिहिताना आधी. राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने दाली नावाची चाचणी काढली, ती मराठीतही आहे, पहिली ते पाचवी, आणि त्यातला स्क्रीनिंगचा भाग शिक्षकांनीच भरायचा असतो. विदर्भातल्या शाळांत, जिथे घरी वऱ्हाडी किंवा गोंडी किंवा हिंदी बोलतात, तिथे शिक्षक हे कसं वापरतात यावर कोणी काम केलं तर मी आनंदाने वाचेन.

मृण्मयी_बर्डी
सर, हे वाचून अंगावर काटा आला. हाच विषय पाहिजे मला. पण मग पुढे बीएड कॉलेजात घेतील का? एमएड नाहीये माझं.

प्रा_वैदर्भीय
एनसीटीईच्या (राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषद) २०१४ च्या निकषात बीएड कॉलेजातल्या दोन जागांसाठी एक वाट ठेवली आहे: सोशिऑलॉजी, सायकॉलॉजी किंवा फिलॉसॉफीचं पीजी ५५ टक्के, बीएड ५५ टक्के, आणि माध्यमिक शाळेत तीन वर्षं शिकवल्याचा अनुभव. त्या अभ्यासक्रमात समावेशक शाळेवर स्वतंत्र पेपर आहे, तो तुम्हीच शिकवाल. नेट किंवा पीएचडी यूजीसीच्या नियमाने लागेलच.

विशेष_शिक्षक_हिंगणा
काउन्सेलरचा अनुभव शिकवल्याचा धरत नाहीत. माझ्या ओळखीच्या एकीला इंटरव्ह्यूतून परत पाठवलं.

टाकळीकर
ताई, तुम्ही तास घेता का?

मृण्मयी_बर्डी
आठवी-नववीचे घेते ना, जीवनकौशल्यं, आणि सुट्टीवर कोणी असलं की मराठी पण. ते काय सांगायचं, सगळेच काउन्सेलर घेतात.

प्रा_वैदर्भीय
हेच सांगायचं! मुख्याध्यापकांकडून वेळापत्रकाची प्रत आणि अनुभवाचा दाखला घ्या, त्यात पद काय, कोणते वर्ग, आठवड्याला किती तासिका हे सगळं लिहून. नुसतं काउन्सेलर लिहिलं तर भाऊ म्हणतात तसंच होईल. शक्य असेल तर येत्या वर्षी एक विषय नियमित मागून घ्या. आणि एक, मुलांची चाचणी घेऊन रिपोर्टवर सही करायच्या भानगडीत आत्ता पडू नका. आरसीआयच्या यादीत क्लिनिकल आणि रिहॅबिलिटेशन सायकॉलॉजिस्ट आहेत, एज्युकेशनल सायकॉलॉजिस्ट असं वेगळं पद नाही.

विशेष_शिक्षक_हिंगणा
हे बरोबर बोलले. ताई, शनिवारी मी हिंगण्याच्या एका शाळेत असतो, वर्गात बसून बघायचं असेल तर मेसेज करा, मुख्याध्यापकांना विचारून ठेवतो. स्पेशल बीएड नका करू, पण मुलं तरी बघा.

मृण्मयी_बर्डी
सायकॉलॉजी भरलं, जेआरएफसकट, फी पण गेली. भाऊ, शनिवारी नक्की येते, चौथीच्या बाईंनाही विचारते येता का म्हणून. आता दाखल्याचं: मधले काही महिने मी करारावर होते आणि तेव्हा संस्था वेगळी होती, तर त्या काळाचा दाखला जुन्या संस्थेने द्यायचा की आताच्या?

टाकळीकर
करारपत्र आहे का तुमच्याकडे? आणि पगार बँकेत यायचा की हातात?