मदत हवी आहे : बीजिंग–शिजियाझुआंग–शिआन विद्यार्थी सहल, यजमानांकडील जेवण आणि डॉ. कोटणीस यांची समाधी

नमस्कार. मी सोलापुरातील एका महाविद्यालयात इतिहास शिकवते. दिवाळीच्या सुट्टीत, नोव्हेंबरच्या मध्यास, आमच्या पदवीच्या विद्यार्थ्यांचा एक गट चीनला नेण्याचे ठरले आहे. आधी बीजिंग, मग शिजियाझुआंग आणि शेवटी शिआन असा क्रम असून शहराशहरांमधील प्रवास वेगवान रेल्वेने होईल. बीजिंग आणि शिआन सहल कंपनीच्या पत्रकात होतेच. शिजियाझुआंग आम्ही हट्टाने घालून घेतले, कारण डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांची समाधी तेथील शहीद स्मृती उद्यानात आहे. १९३८ मध्ये भारतीय वैद्यकीय पथकाबरोबर गेलेले कोटणीस ९ डिसेंबर १९४२ रोजी, वयाच्या अवघ्या ३२व्या वर्षी तिकडेच वारले. ते सोलापूरचे असल्यामुळे आमच्या मुलांना या थांब्याचे अप्रूप चीनच्या भिंतीपेक्षाही अधिक आहे.

व्हिसा, हॉटेले आणि प्रवेशपत्रे यांची व्यवस्था कंपनी पाहत आहे, त्यामुळे त्याबद्दल विचारत नाही. माझी चिंता वेगळी आहे. शिजियाझुआंगमधील एका महाविद्यालयाने आम्हांला दुपारच्या जेवणाला बोलावले असून तेथील प्राध्यापक व विद्यार्थी आमच्याबरोबर बसणार आहेत. आमच्या गटात निम्मी मुले शाकाहारी आहेत, काही जैन आहेत, आणि बहुतेकांनी चॉपस्टिक हातात धरलेली नाही. एकाच ताटलीतून सगळे जण आपापल्या चॉपस्टिकने घेतात असे ऐकल्यापासून काही पालकांनी उष्ट्याचा प्रश्न काढला आहे. मद्याचा आग्रह झाला, तर यजमानांचा मान राखून नकार कसा द्यावा? पानात काही टाकू नये हे आपल्याकडचे वळण तेथे चालते, की त्याचा वेगळा अर्थ घेतला जातो?

समाधीपाशी काय न्यावे, हाही प्रश्न आहे. विद्यार्थ्यांनी सोलापूरची माती, झेंडूचा हार, नारळ व उदबत्ती अशी यादी केली आहे, आणि प्रत्येक ठिकाणी महाविद्यालयाचा मोठा कापडी फलक धरून छायाचित्र काढण्याचा त्यांचा बेत आहे. तिकडे राहिलेल्या किंवा गट घेऊन गेलेल्या सदस्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद

मॅडम, मी हेबेई प्रांतात वैद्यकीय शिक्षण घेतले आहे, त्यामुळे शिजियाझुआंगचे नाव वाचून बरे वाटले. बहुतेक गट ते शहर गाडीच्या खिडकीतूनच पाहतात.

सर्वप्रथम माती रद्द करा. चीनच्या सीमाशुल्क नियमांनुसार माती नेण्यास बंदी आहे. ताजी फळे, फुले, बियाणे आणि तूप-पेढ्यांसारखे दुग्धजन्य पदार्थही सामानात नकोत. फुले तेथेच घ्यावीत. समाधीवर पांढरी किंवा पिवळी शेवंती वाहण्याची त्यांची रीत आहे. झेंडूच्या हाराने कोणी रागावणार नाही, परंतु जेथे यजमान आपल्या शेजारी उभे राहून मान झुकवणार आहेत, तेथे त्यांच्या रीतीने फुले ठेवणे मला अधिक शोभून दिसते. ओळीत उभे राहून तीन वेळा वाकून नमस्कार करतात, एवढे मुलांना आधी सांगून ठेवा. उदबत्तीचे उद्यानाच्या कार्यालयाला आधी विचारल्याशिवाय काही करू नये. कोटणीसांप्रमाणेच युद्धकाळात चीनमध्ये रुग्णसेवा करताना वारलेले कॅनडाचे डॉ. नॉर्मन बेथून यांची समाधीही याच उद्यानात आहे. दोन फुले तेथेही ठेवलीत, तर यजमानांच्या ते नक्की लक्षात राहील.

आता जेवण. खरी अडचण मांसापेक्षा त्याच्या अंशांची आहे. वरून निव्वळ भाजी दिसणाऱ्या पदार्थात डुकराची चरबी, कालवांचा सॉस किंवा खिमा असू शकतो. परतलेल्या घेवड्यात आणि तिखट टोफूत खिमा हमखास निघतो. ‘शाकाहारी’ एवढेच सांगितले, तर मांसाचे तुकडे बाजूला काढून तीच भाजी प्रेमाने पुढे येईल. म्हणून मांस, मासे, अंडी, चरबी आणि मांसाचा रस यांपैकी काय चालत नाही ते चिनी भाषेत लिहिलेली चिठ्ठी यजमानांना आठवडाभर आधी पाठवा. तेथील बौद्ध शाकाहारी उपाहारगृहांत कांदा-लसूणही वापरत नाहीत, त्यामुळे जैन मुलांची निम्मी अडचण मिटते. बटाटा, मुळा आणि कमळकाकडी मात्र तेथेही असतात, ते वेगळे सांगावे लागेल. शक्य असल्यास जेवण अशाच ठिकाणी ठेवण्याची विनंती करा. त्यात यजमानांचा अपमान होत नाही. पाहुणा न जेवता उठला, तर मात्र होतो.

उष्ट्याचा प्रश्न वाटतो तितका कठीण नाही. फिरत्या टेबलावरील पदार्थ वाढून घेण्यासाठी अनेक ठिकाणी वेगळ्या सामाईक चॉपस्टिक ठेवलेल्या असतात, आणि नसल्या तर मागता येतात. चमचा मागण्यात कमीपणा नाही. चॉपस्टिक भातात उभी खोचून ठेवू नये, कारण ती मृतांसाठी लावलेल्या उदबत्तीसारखी दिसते. सोबत त्याच दिवशी समाधीचे दर्शन असल्याने हे मुलांना दोनदा बजावा.

यजमान बसवतील तेथेच बसावे. दाराकडे तोंड असलेली जागा मुख्य माणसाची असते. पान स्वच्छ केले, की ‘अजून भूक आहे’ असे समजून पुन्हा वाढले जाण्याची जुनी रीत आहे, तर दुसरीकडे २०२१ पासून तेथे अन्नाच्या नासाडीविरुद्ध कायदाही आहे. तेव्हा आरंभी थोडेच घेणे आणि पोट भरल्यावर शेवटचा घास वाटीत राहू देणे हा मधला मार्ग आहे. पेला उंचावण्याची वेळ येईलच. चहा किंवा फळांचा रस घेऊन उठावे, वडीलधाऱ्यांच्या पेल्यापेक्षा आपल्या पेल्याची कड थोडी खाली ठेवावी; एवढा मान दिल्यावर पेल्यात काय आहे याकडे विद्यार्थ्यांच्या बाबतीत कोणी पाहत नाही. पगार, वय आणि लग्न यांविषयी प्रश्न सहज विचारले जातील. आपल्या आत्याबाई विचारतात त्याच आपुलकीने ते विचारलेले असतात.

भेट म्हणून सोलापुरी चादर उत्तम, फक्त ती पांढऱ्या कागदात गुंडाळू नका आणि दोन्ही हातांनी द्या. भिंतीवरचे घड्याळ भेट देण्याचा विचार असेल, तर तो सोडून द्या. ते तेथे अशुभ मानतात.

दुसरा प्रतिसाद

वरील सर्व गोष्टींशी सहमत. फलकाबद्दल कोणी लिहिले नाही म्हणून लिहितो. बीजिंगच्या तिआनआनमेन चौकात फलक किंवा झेंडा उलगडू नये. सुरक्षारक्षक लगेच अडवतात आणि सगळ्या गटाचा खोळंबा होतो. घोषणाही नकोत. निषिद्ध नगरी, म्हणजे तेथील जुना राजवाडा, एरवी सोमवारी बंद असते, तेव्हा कंपनीने कोणता वार धरला आहे ते स्वतः पाहा. प्रवेश पासपोर्टवरील नावानेच होतो, त्यामुळे मूळ पासपोर्ट प्रत्येकाजवळ हवा.

व्हॉट्सॲप आणि गूगल तेथील वायफायवर चालत नाहीत; भारतीय सिमच्या रोमिंगवर सहसा चालतात. पालकांना हे आधी सांगितले नाही, तर पहिल्याच रात्री आपला फोन खणखणत राहील. अलिपे या तेथे पैसे देण्याच्या मोबाइल ॲपला आंतरराष्ट्रीय वापर सुरू केलेले व्हिसा किंवा मास्टरकार्ड इथूनच जोडा. शेंगाचटणी आणि कडक भाकरी बंद पाकिटात भरपूर न्या, कारण पहाटेच्या गाडीच्या वेळी त्यांचाच आधार असतो. गाडीत आणि स्थानकावर उकळते पाणी फुकट मिळते.

मूळ लेखिका

दोघांचेही मनःपूर्वक आभार. मातीचा बेत आम्ही सोडला असून त्याऐवजी कोटणीसांच्या सोलापुरातील स्मारकाचे छायाचित्र नेत आहोत. एक प्रश्न उरला आहे. समाधीपाशी मुलांना कोटणीसांविषयी लिहिलेले छोटे मराठी मनोगत वाचायचे आहे. ते औचित्याला धरून होईल का?

प्रतिसाद

अवश्य वाचा, मॅडम. मात्र ते शासकीय उद्यान असल्याने यजमान महाविद्यालयामार्फत आधी पत्र द्या आणि त्यासोबत मनोगताचा चिनी अनुवाद जोडा. वाचन किती वेळ चालेल हेही पत्रात लिहा. सीमावादाचा किंवा आजच्या राजकारणाचा उल्लेख त्यात नसावा. ध्वनिवर्धक नेऊ नका. इतर लोकही तेथे आपल्या माणसांच्या समाध्यांवर आलेले असतात.