तूर येऊ द्या, पण साठवूही द्या: ४५ दिवसांच्या नियमावर चर्चा

सौदापट्टी (लातूर)

तुरीचा भाव जरा वर सरकला की दिल्लीहून दोन आदेश ठरलेले: आयात मोकळी आणि साठ्यावर मर्यादा. १५ मे २०२१ ला तुरीची आयात मोकळी केली, पुढे मुदत संपत आली की वाढवत गेले. त्याबद्दल माझी तक्रार नाही. देशाला पुरेल एवढी तूर आपण पिकवत नाही, हे मान्य करायला लाज कसली? तक्रार दुसऱ्या आदेशाची आहे.

जून २०२३ मध्ये आयातदाराला सांगितलं, कस्टममधून माल सुटला की ३० दिवसांत काढा. जून २०२४ मध्ये त्याचे ४५ दिवस केले. शिवाय घाऊक व्यापाऱ्याला २०० टन आणि किरकोळ दुकानदाराला ५ टन. ती मर्यादा ३० सप्टेंबर २०२४ ला संपली, पण भाव चढले की पुन्हा लागणारच, म्हणून आत्ताच बोलतो.

मोझांबिक, मलावी, टांझानियाची तूर तिकडे जुलै-ऑगस्टात निघते आणि सप्टेंबर ते नोव्हेंबर न्हावा शेवाला उतरते. म्यानमारची लेमन जातीची तूर जानेवारी-फेब्रुवारीत निघते. आपली तूर डिसेंबरअखेरपासून फेब्रुवारीपर्यंत. म्हणजे नियम काटेकोर पाळायचा तर गजरी, अरुषा, मटवारा हा आफ्रिकेचा सगळा माल आपल्या हंगामाच्या तोंडावर डाळमिलच्या दारात ओतायचा, आणि लेमन तर भर हंगामात. पुढे जून-जुलैत शेतकऱ्याकडे तूर नसते तेव्हा गोदामंही मोकळी. मग भाव चढतात, मग पुन्हा आदेश.

माझं म्हणणं: आयातदाराला साठवू द्या, दर आठवड्याला सरकारी पोर्टलवर साठा जाहीर करायला लावा, आणि डिसेंबर ते मार्च आयात तूर विकायलाच बंदी घाला.

काळी_माती

शेठ, विकायला बंदी घाला म्हणालात, बरं वाटलं. पण मिलवाला सौद्यात बोली लावताना समोरच्या ढिगाकडे बघत नाही, बंदरात किती पडलीय ते बघतो. भिवंडीच्या गोदामात गजरी भरून ठेवलेली आहे हे ठाऊक असताना तो जानेवारीत माझ्या तुरीला चढा भाव का देईल? विकली काय नि ठेवली काय, आमच्या डोक्यावर ती आहेच.

आणि तुम्हीच सांगितलेल्या तारखेवर बोलू. मर्यादा सप्टेंबर २०२४ ला उठली. त्यानंतरच्या हंगामाला हमीभाव होता ७५५० रुपये. २०२५ च्या उन्हाळ्यात तुमच्याच बाजार समितीत तूर त्याच्या खाली विकली गेली. तेव्हा कुठे होते ४५ दिवस? रोग आयातीचा आहे, तुम्ही औषध साठ्याला देताय. त्यात डिसेंबर २०२३ पासून पिवळा वाटाणा शून्य शुल्कात आत येत होता, तो वेगळाच. स्वस्त वाटाणा मिळाला की हॉटेलवाला आणि बेसनवाला तुरीकडे आणि हरभऱ्याकडे कशाला बघेल?

चौपाटी_रिटर्न

वाटाण्याला नावं ठेवताना एवढं लक्षात असू द्या, मुंबईचा रगडा बाहेरच्या वाटाण्यावर चालतो. १ नोव्हेंबर २०२५ पासून त्यावर ३० टक्के शुल्क लागलंय. शेतकऱ्याला त्यातलं किती पोचलं ते कळवा.

कुकरची_शिट्टी

सौदापट्टी, तुमचा आयातदार फारच सज्जन दिसतोय. २०१५ विसरलात का? तूरडाळ किलोला २०० रुपये झाली होती. छापे पडले तेव्हा देशात सगळ्यात जास्त डाळ आपल्याच राज्यात सापडली. 'साठवू द्या' म्हणजे काय होतं ते आम्ही किराणा दुकानाच्या रांगेत बघितलंय. काळी_माती दादांचं दुखणं मला कळतं, पण आयात बंद करा म्हणताना आमच्या घरचं वरण रोजचं आहे, हेही ध्यानात घ्या.

पत्र्याची_शेड

पनवेलजवळ गोदाम चालवतो, म्हणून लिहितो. इथे सगळे 'साठवणं' असं बोलताहेत जणू तूर म्हणजे सिमेंटचा कट्टा आहे.

आलेल्या मालाची थप्पी लावताना पहिलं काम पोकळ, टोकदार सळई पोत्यात घालून मूठभर दाणे काढायचे आणि उजेडात बघायचे. दाण्याच्या सालीवर साखरेच्या कणासारखा पांढरा ठिपका चिकटलेला दिसला की समजायचं, भुंगेऱ्याची अंडी आहेत. अळी तिथूनच दाण्यात शिरते, आत बसून खाते आणि गोल भोक पाडून भुंगेरा होऊन बाहेर येतो. ऊब आणि दमटपणा मिळाला तर महिन्याभरात पुढची पिढी तयार. तिकडून निघताना मिथाइल ब्रोमाइडची धुरी दिलेली असते, दाखलाही असतो. पण धुरीचा असर धुरीपुरता. शेजारच्या थप्पीतली कीड दाखला वाचत नाही.

मग आम्ही ताडपत्री ओढतो, कडेने वाळू भरलेल्या लांब पिशव्या दाबून ठेवतो, आत अॅल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या. निदान पाच-सात दिवस तोंड उघडायचं नाही. वायू विषारी, माणसं लांब ठेवावी लागतात. पावसाळ्यात हे पुन्हा पुन्हा. ओलावा १२ टक्क्यांच्या आत असलेली तूर ऑक्टोबरला आत घेतली तरी जुलैत कोकणच्या हवेत ती ओलावा ओढते. खाली लाकडी फळ्या नसतील तर तळची पोती आधी जातात. आणि जुनी तूर काळपट पडते, मिलवाला लगेच भाव तोडतो. कुकरची_शिट्टी ताई, चार शिट्ट्यांत न शिजणारी डाळ तुम्हाला कधीतरी मिळाली असेल, ती बऱ्याचदा अशीच उन्हा-दमटात वर्षभर पडलेली असते.

भाडं, धुरी, घट, व्याज हे सगळं धरून ऑक्टोबर ते जून माल धरायला आयातदार तेव्हाच तयार होईल, जेव्हा जूनचा भाव चढणार याची त्याला खात्री असेल. मग तो भाव चढावा म्हणून देव पाण्यात घालून बसणार. म्हणून माझं मत: लांबची साठवण व्यापाऱ्याकडे नकोच. सरकारसाठी डाळी खरेदी करणाऱ्या नाफेडने लातूर-अकोल्याच्या कोरड्या हवेत करावी. आणि अख्खी तूर न ठेवता वेळेत भरडून ठेवावी, भुंगेरा अख्ख्या दाण्याला जेवढा लागतो तेवढा डाळीला लागत नाही.

सौदापट्टी (लातूर)

नाफेडचा साठा कोणत्या महिन्यात बाहेर काढायचा हे गोदामात नाही, दिल्लीच्या मंत्रालयात ठरतं. निवडणूक आली की काढणार. व्यापारी निदान नफ्यासाठी तरी टंचाईच्या महिन्यात विकतो.

काळी_माती, तुम्ही २०२५ दाखवलंत, मी २०१७ दाखवतो. आदल्या वर्षी भाव बघून सगळ्यांनी तूर पेरली, २०१६-१७ ला देशात ४८ लाख टनांच्या आसपास पीक आलं. हमीभाव बोनससह ५०५०, आणि बाजार त्याच्या कितीतरी खाली. सरकारने ऑगस्ट २०१७ मध्ये आयात वर्षाला २ लाख टनांवर आणली, तोवर शेतकऱ्याची तूर विकून झाली होती. आयात बंद करायलाही सरकारला वेळ कळत नाही. म्हणून मी महिन्यांचा नियम मागतोय, म्हणजे कुणाच्या लहरीवर राहायला नको.

आणि साठवण फक्त आयातदारानेच का करावी? पणन मंडळाची शेतमाल तारण योजना आहे. बाजार समितीच्या गोदामात तूर ठेवा, किमतीच्या ७५ टक्के रक्कम ६ टक्के व्याजाने १८० दिवस मिळते. जूनला विका.

चुणी_भुसा

मिलवाला म्हणून एक सांगतो. मर्यादेत मिलला तीन महिन्यांचं उत्पादन किंवा वार्षिक क्षमतेच्या २५ टक्के, यातलं जे जास्त असेल तेवढी सूट होती, आमचं काही अडलं नाही. अडलं ते २०२३ अखेर, जेव्हा तिकडच्या व्यापाऱ्यांच्या भांडणात मोझांबिकच्या नकाला नावाच्या बंदरात तूर अडकून पडली. तेव्हा इथे कुणाच्याही गोदामात चार महिन्यांचा माल असता तर बरं झालं असतं. एवढ्यापुरता सौदापट्टींशी सहमत. हंगामात विक्रीबंदी मात्र कागदावरच राहील. भरडलेली डाळ कोणत्या तुरीची, हे कोण तपासणार?

काळी_माती

तारण योजना वाचलीय शेठ. माझी तूर दहा-बारा क्विंटल. गावापासून बाजार समिती ४० किलोमीटर, जायला टेम्पो, तिथे हमाली, परत आणायला पुन्हा टेम्पो. गेल्या वर्षी आमच्या समितीत विचारायला गेलो तर गोदाम भरलेलं होतं. कुणाच्या मालाने, ते पोत्यांवरच्या शिक्क्यांवरून कळत होतं. तुमच्या आडतीवर जागा आहे का, आणि १८० दिवसांचं भाडं किती घ्याल, तेवढं सांगा.