पडलेले हेल्मेट पुन्हा वापरावे का? मदत हवी आहे

उभ्या मोटारसायकलच्या सीटवरून माझे रिकामे हेल्मेट सिमेंटच्या जमिनीवर पडले. बाहेरून केवळ एक ओरखडा दिसतो. मात्र धक्का शोषून घेणारा आतला थर्माकोलचा थर एकदा दबला की पूर्ववत होत नाही आणि ते नुकसान बाहेरच्या कवचावर दिसेलच असे नाही, म्हणून काळजी वाटते. आत डोके नसताना त्या थरावर फारसा दाब येत नाही, हेही मला पटते. कापडी अस्तर काढून मी तो थर बोटांनी चाचपला, तेव्हा भेग किंवा खोलगट जागा आढळली नाही. पट्टा आणि बक्कलही घट्ट आहेत. कवच फायबरग्लासचे असल्याने, त्याचे पापुद्रे आतल्या आत सुटले आहेत का हे घरी कसे ओळखावे? जाणकारांनी कृपया कारणांसह सांगावे.